पिणाऱ्या बापाचे देणे किती?

एप्रिल 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात माणसे दगावली. टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद होती आणि ज्यांच्या शरीराला ती रोज लागायची त्यांनी हाती आले ते घशाखाली घातले. नंतर चर्चा झाली ती मुख्यतः टाळेबंदीची आणि सॅनिटायझरच्या विक्रीची. दारूवाचून दोन दिवस काढता येऊ नयेत अशी अवस्था कुणाचीही एका रात्रीत होत नाही. आधीची दहा-पंधरा वर्षे घरातले कुणीतरी ते रोज पाहत असते, आणि पाहणाऱ्यांत बहुतेक वेळा मुले असतात. ती मोठी होतात, कामाला लागतात, लग्ने करतात, आणि एक दिवस गावाहून फोन येतो : बाबांच्या पायावर सूज आली आहे, पोट फुगले आहे, डोळे पिवळे दिसतात, आणि तरीही संध्याकाळी जातातच. अशा वेळी मुलाने किंवा मुलीने नेमके काय करावे? बापाचे त्यांच्यावर किती देणे आहे?

वणीहून पश्चिमेला असलेल्या केळापूर तालुक्यात हा प्रश्न नवा नाही. तालुक्याचे ठाणे पांढरकवडा, नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावरचे गाव. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. कापसाचा मुलूख, कोलाम, गोंड, परधान यांची वस्ती, आणि दारूची कमी कुठेच नाही : परवान्याच्या दुकानातली देशी, हातभट्टीची, मोहाची, नदीपलीकडून येणारी. तरुण मुले नागपूर, पुणे, हैदराबादला पांगलेली. मागे पन्नाशी-साठीचा बाप, त्याच्याहून थकलेली आई आणि बापाच्या नावावरचा सातबारा. जे इथे घडते ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात घडते. फक्त इथून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि आजाऱ्याला घेऊन ते अंतर काटणे ज्याला भाग पडते त्यालाच त्याची लांबी कळते.

गावात या प्रश्नावर दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले असे : “बाप हाय तो, टाकून देता येते काय?” दुसरे तितकेच ठाम : “त्यानं आमाले कोणतं सुख देलं?” ही दोन्ही उत्तरे गंभीरपणे घ्यायला हवीत, कारण दोन्हींच्या मागे खरी आयुष्ये आहेत.

पहिल्या बाजूचे म्हणणे नुसते रूढीचे नाही. आज जो खाटेवर पडून शिव्या देतो त्यानेच कधी बैल विकून शाळेची फी भरलेली असते. दारूचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्र कधीचे सांगते आहे. मधुमेह असलेल्या हट्टी बापाला आपण साखर चोरून खाल्ली म्हणून घराबाहेर काढत नाही. शिवाय त्याला सोडायचे म्हणजे आईला त्याच्याबरोबर एकटी सोडायचे, कारण ती हलणार नसते. आणि तो गेल्यावर मनात जे राहते ते मुलांनाच वागवावे लागते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नुसत्या रागाचे नाही. पेरणीसाठी आणलेले पैसे ज्याने उडवले, ज्याच्या येण्याच्या वेळेला लेकरे शेजारच्या घरी जाऊन बसत, ज्याच्यापायी मुलीची शाळा सुटली, तो म्हातारा झाला, आजारी पडला म्हणून मागचा हिशेब आपोआप कोरा होत नाही. आजार आहे हे मान्य केले तरी आजाऱ्याच्या हातून झालेली इजा ही इजाच असते. आणि ज्यांना लहानपणी कुणी वाचवायला आले नाही, त्यांनाच आता सेवेचे धडे देणारे नातेवाईक त्या वेळी कुठे होते, असे या मुलांनी विचारले तर नातेवाइकांपाशी उत्तर नसते.

या वादात कायदा काय म्हणतो हे पाहणे उपयोगी आहे, कारण तो दोघांपेक्षाही नेमका आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा मुलामुलींवर पालकांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकतो. तक्रार उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात जाते. बाप दारू पितो म्हणून ही जबाबदारी संपते असे त्यात कुठे लिहिलेले नाही. पण निर्वाह म्हणजे काय हेही त्याच कायद्यात सांगितले आहे : अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. या यादीत मुलाने नोकरी सोडून गावी येऊन राहण्याची सक्ती नाही, आणि बापाची दारू सोडवून दाखवण्याची सक्ती तर नाहीच. आमच्या मते नीतीनेही इथेच थांबावे. जेवण, अंगावर कपडा, डोक्यावर छप्पर आणि डॉक्टर, एवढे देणे बापाचे वागणे कसेही असले तरी आहे. ज्या मुलाला किंवा मुलीला मारहाण वा त्याहून वाईट काही सोसावे लागले, त्यांनी हे देणे दुरून, दुसऱ्याच्या हातून दिले, समोर उभे राहणे नाकारले, तरी त्यांना कुणी बोल लावू नये. यापलीकडचे सगळे, म्हणजे जवळ बसणे, माफ करणे, हात धरणे, हे प्रेमाचे आहे. प्रेम उरले असेल तर ते होईल. त्याची वसुली करता येत नाही.

एवढे ठरले तरी औषधोपचार या एका शब्दात बरेच काही दडलेले आहे, आणि तिथेच घरे चुकतात.

सर्वांत मोठी चूक हेतूने चांगली असते. मुलगा सुट्टीला येतो, बापाला खोलीत कोंडतो, “आता थेंबही नाही” म्हणतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, अंगावर किडे चालताना दिसतात, ताप चढतो, हातपाय थरथरतात. ही अवस्था उपचाराविना जीव घेऊ शकते. गावात तिला बाहेरची बाधा समजून अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ घालवला जातो. ही दारू तोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली : थरथर आणि फिट आवरणारी औषधे काही दिवस चढ-उतार करून, आणि बी-1 जीवनसत्त्व, ज्याला थायमिन म्हणतात, ते सुरुवातीलाच. वर्षानुवर्षे नीट न जेवणाऱ्या माणसाला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कंपाउंडरला बोलावून घरीच “एक बाटली चढवून घ्या” म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक बिघाड दारूच्या खात्यावर टाकणे. “पिऊन पडला असेल” हे वाक्य केळापुरात काय, कुठेही इतक्या सहज निघते की त्यात माणूस जातो. यकृत निकामी होत आले की रक्तात साठणारी विषारी द्रव्ये मेंदूला गुंगी आणतात. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, आणि हे सारे न पिता. म्हातारा पिणारा पडला तर डोक्याच्या आत हळूहळू रक्त साचून आठवड्या-दोन आठवड्यांनी तो सुस्त होऊ शकतो. साखर उतरली तरी तो झिंगल्यासारखाच दिसतो. काळी डांबरासारखी शौचाला होणे, रक्ताची उलटी, अचानक बदललेली झोप, ताप आणि पोटदुखी, यांतले काही दिसले की बाप शुद्धीत आहे की नशेत हा वाद न घालता दवाखाना गाठायचा. डोळे पिवळे झाले की काविळीचे गावठी औषध, झाडपाला, आणायची रीत आहे. पिणाऱ्याच्या काविळीत त्या पाल्याने गेलेले पंधरा दिवस परत येत नाहीत. अंगदुखीच्या गोळ्यांचेही तसेच. दुकानातून सहज मिळणाऱ्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या यकृत बिघडलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर जातात आणि रक्तस्राव घडवू शकतात.

तिसरी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा फसवणूक आहे. भिंतींवर आणि बसथांब्यांवर जाहिराती असतात : न सांगता दारू सोडवा. आई ती पावडर वरणात कालवते. कुठल्या पुडीत काय असते याचा पत्ता नसतो. आणि खरे औषध, डायसल्फिराम, कुणी चोरून दिले तर त्यावर दारू पडताच छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे होते. हृदय किंवा यकृत अधू असलेल्या म्हाताऱ्याला ते झेपत नाही. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासणीनंतरच द्यायचे असते.

आता या सगळ्यात एक आशेची बाजू आहे, आणि ती फार घरांपर्यंत पोहोचत नाही. पोटात पाणी झाले म्हणजे आता काही उरले नाही, मग पिऊ द्या, असे लोक म्हणतात. पण त्या टप्प्यावरही दारू पूर्ण थांबली तर काही रुग्णांचे यकृत पुन्हा बऱ्यापैकी काम करू लागते, पाणी उतरते, वर्षे मिळतात. सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. पण आधीच हात टेकण्याइतके ते दुर्मिळही नाही. म्हणूनच उपचाराचा एक मनापासूनचा प्रयत्न व्हायला हवा, असे आमचे मत आहे.

प्रयत्न कसा करायचा, जबरदस्तीने की मनधरणीने? इथेही दोन्ही बाजूंना वजन आहे. नशेने ज्याचा निर्णय घ्यायचा मेंदूच गिळला त्याच्या “नाही”ला किती किंमत द्यायची, असे विचारणारी मुलगी चुकीचे बोलत नाही. पण 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, ज्यात दारूच्या व्यसनाशी निगडित विकारही येतात, भरती शक्यतो रुग्णाच्या इच्छेने व्हावी असे धरतो. तो स्वतः ठरवण्याच्या स्थितीत नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, तज्ज्ञांनी तपासल्यावर, 30 दिवसांपर्यंत दाखल करण्याची सोय आहे. साखळीने बांधायला त्या कायद्याने सक्त मनाई केली आहे. आपल्याकडे मात्र चार जणांनी उचलून गाडीत घालून नेणारी आणि आत मारहाण करणारी नोंदणी नसलेली केंद्रे चालतात, आणि थकलेली घरे त्यांना पैसे देतात. थकव्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण पाठवण्याआधी नोंदणी पाहा, डॉक्टर आहे का विचारा, आणि पहिल्या आठवड्यात भेटू देत नसतील तर पाठवू नका.

मनधरणीला गावात जागा आहे. केळापूरच्या जगदंबेपुढे शपथ घेणे, पंढरीची माळ घालणे, याला शहरी माणसे हसतात, हसू नये. विदर्भात गाडगेबाबांनी कीर्तनातून आणि तुकडोजी महाराजांनी भजनातून दारूविरुद्ध जे सांगितले त्याने पिढ्यांना बळ दिले. माळ घातलेल्याला ‘घे’ म्हणायला सोबती कचरतो, हे फार मोठे संरक्षण आहे. मात्र शपथेच्या जोडीला गोळ्या हव्यात आणि मागोवा हवा. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने 35 दिवसांच्या निवासी उपचारानंतरचा पाठपुरावा किती महत्त्वाचा आहे हे मराठी समाजाला दाखवून दिले. तिथे पत्नींसाठीही गट चालतो, कारण व्यसनी एकटा आजारी पडत नाही. आणि सुटलेली दारू पुन्हा लागली तर ते ढोंग होते असे समजू नये. या आजारात घसरणे पुष्कळदा होते, पुन्हा उठणेही होते.

पैशाच्या बाबतीत मात्र आम्ही डळमळीत राहू इच्छीत नाही. रोख देऊ नका. किराणा दुकानात खाते लावून द्या, औषधाच्या दुकानदाराला थेट पैसे पाठवा, वीजबिल भरा. केळापुरातल्या बऱ्याच घरांची खरी अडचण याहून मोठी असते : सातबारा बापाच्या नावावर, त्यामुळे पीककर्ज त्याच्या नावावर, कापसाचा चुकारा त्याच्या खात्यात, आणि वेचणी आईने केलेली. श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1,500 रुपयेही त्याच्याच खात्यात. चुकाऱ्याच्या दिवशी घर श्वास रोखून बसते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, पुढे 1992 मध्ये शासनाने नवऱ्याच्या संमतीने बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. ती सोय आजही वापरता येते. बाप शुद्धीत असतो, पश्चात्तापाने बोलत असतो, असे दिवस प्रत्येक पिणाऱ्याच्या घरात येतात. त्या दिवशी भांडण उकरण्यापेक्षा तलाठ्याकडे जाणे अधिक उपयोगाचे. त्याला फसवून अंगठा घेणे मात्र नाही; तो आजारी आहे, बेवारस नाही.

आता आईबद्दल आणि सुनेबद्दल. हा वाद ‘मुलगा आणि बाप’ असा मांडला जातो, पण उलटी पुसणारे, चादरी धुणारे हात बायकांचे असतात. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 मध्ये, गडकरी गेल्यानंतर, रंगभूमीवर आले आणि दारूवर मराठीत त्याहून मोठे नाटक झाले नाही. त्यातली सिंधू सगळे सोसते, दारूच्या आहारी गेलेल्या नवऱ्याच्या, सुधाकराच्या, हातून तान्हे बाळ जाते तरी त्याच्याच बाजूने उभी राहते. शंभर वर्षे प्रेक्षक तिच्यासाठी रडले, आणि त्या रडण्यातून नकळत असे ठरून गेले की चांगल्या बाईने असेच राहायचे असते. गडकऱ्यांच्या प्रतिभेबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणावेसे वाटते की हा आदर्श आता खाली ठेवायला हवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने आईला त्याच घरात राहण्याचा हक्क आणि मारहाणीपासून संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. ती चार महिने मुलीकडे गेली तर तिने संसार मोडला असे होत नाही. सुनेवर तर सासऱ्याच्या सेवेची सक्ती कुठल्याच कायद्याने नाही; तिने केली तर तो तिचा मोठेपणा आहे आणि तो मोठेपणा म्हणूनच बोलून दाखवावा.

वाचलेल्या लेकरांचाही विचार करायला हवा. पिणाऱ्याच्या मुलांत व्यसनाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि त्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या जवळपास आहे असे अभ्यास सांगतात. बापाच्या आजारपणाने खचलेला मुलगा दवाखान्याबाहेर मित्रासोबत ‘थोडी’ घेतो, ही वाट आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. त्याला कुणीतरी बाजूला घेऊन सांगावे की तुझ्यासाठी थोडी अशी काही नाही. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 1951 पासून चालणाऱ्या अल-अनॉन गटांत पहिली गोष्ट हीच मनात रुजवतात की दारू तुमच्यामुळे लागलेली नाही आणि तुमच्या हाताने सुटणारही नाही. ज्या मुलीने लहानपणापासून “मी शहाण्यासारखी वागले तर बाबा पिणार नाहीत” असे मनाशी धरले, तिला चाळिशीत हे ऐकायला मिळाले तरी उशीर झालेला नसतो.

एक अवघड वळण अलीकडे गावांतल्या घरांनाही भेटू लागले आहे. मोठ्या शहरातला डॉक्टर यकृत प्रत्यारोपणाचा विषय काढतो. आपल्या देशात बरीच यकृते जिवंत नातेवाइकांकडूनच मिळतात, म्हणजे प्रश्न थेट मुलामुलीला येतो : तू देशील? खर्च लाखांत. 1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा दात्याची मोकळी, दबावाविना दिलेली संमती मागतो. देणाऱ्या मुलाचे कौतुकच आहे. पण ज्याच्यावर दोन लेकरे आणि चार एकर कोरडवाहू अवलंबून आहे त्याने नाही म्हटले, तर ती बापाची हत्या नव्हे. सोयऱ्याधायऱ्यांनी त्याला तसे वाटू देऊ नये.

लपवण्याच्या सवयीबद्दलही बोलायला हवे, कारण विदर्भात तिला वेगळे कारण आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की एक लाखाच्या मदतीसाठी चौकशी होते, आणि दारूच्या व्यसनाचे कारण लावून अनेक प्रकरणे अपात्र ठरवली गेली. कर्ज, नापिकी आणि दारू ही एकाच घरात एकमेकांना वाढवत असतात. त्यातली एक निवडून बाकीची नाकारणे अन्याय्य होते. त्याचा परिणाम असा झाला की घरे दारूचे नावच काढेनाशी झाली, दवाखान्यातसुद्धा. डॉक्टरला रोज किती पितात हे खरे न सांगितल्याने भरतीनंतर फिट आलेले रुग्ण कमी नाहीत. गावापुढे सांगायचे की नाही हे घराने ठरवावे; झाकणे कधी आईची अब्रू राखण्यासाठी असते आणि तिचा मान ठेवावा. डॉक्टरपाशी मात्र झाकू नये.

आणि सगळे करूनही तो थांबला नाही तर? तो दिवस येतो. यकृत पूर्ण गेले आहे, डॉक्टर घरी न्या म्हणतो, आणि बाप एक पव्वा मागतो. द्यावा का? एक बाजू म्हणते, शेवटचे दिवस, कशाला तळमळू द्यायचा. दुसरी म्हणते, आपल्या हाताने विष कसे द्यायचे. आम्हाला वाटते, हा प्रश्न घराने एकट्याने सोडवू नये. डॉक्टरला उघड विचारावे, कारण थरथर आणि तळमळ शमवायला त्याच्यापाशी औषधे असतात आणि वेदना कमी करणे हाही उपचारच आहे. ते मिळत असेल तर बाटलीची गरज उरत नाही. जे घर त्या क्षणी वेगळे वागले त्याला दोष देण्याचे धाडस आमच्यात नाही.

दुकानांचे काय, असे वाचक विचारतील. यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून बाया वर्षानुवर्षे रस्त्यावर येत आहेत. शेजारच्या चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. बंदीने नवी पिढी वाचते की चोरटी दारू वाढते, हा वाद इथे संपणार नाही. पण गावाला आजही हत्यारे आहेत : एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद होते. केळापूरची अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे 1996 च्या पेसा कायद्याने नशेच्या पदार्थांवर बंदी वा नियंत्रण आणण्याचा अधिकार ग्रामसभेकडे यायला हवा असे सांगितले आहे. ही हत्यारे वापरावीत. मात्र ज्या दिवशी गाव दुकान बंद करील त्या दिवशी रोज पिणाऱ्या म्हाताऱ्यांचे शरीर तसेच राहील. वणीत जे झाले ते तसे शरीर आणि बंद दुकान यांच्यामध्ये उपचार नसल्याने झाले. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या व्यसनविरोधी उपक्रमाने बंदीच्या जोडीला तालुक्यांच्या ठिकाणी व्यसन-उपचाराची क्लिनिके चालवली आणि गावोगावी शिबिरे घेतली, आणि विदर्भातलेच ते उदाहरण आपल्यापुढे आहे.

दिल्लीच्या एम्सने 2019 मध्ये दिलेल्या देशव्यापी पाहणीच्या अहवालात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे दिसले. दाखल होऊन उपचार 180 मागे एकाला. बाकीच्यांचे उपचार घरातल्या बाया आणि मुले आपल्या जिवावर करत आहेत. म्हणून मागणी साधी आहे. पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दारू सोडवण्यासाठी काही खाटा कायम राखीव असाव्यात, ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ बसावा, थायमिन आणि फिट आवरणारी औषधे कधी संपू नयेत, आणि त्याच दिवशी घरच्यांसाठी वेगळी बैठक व्हावी. आशाताईंना ही लक्षणे शिकवावीत. लोकप्रतिनिधींनी जिल्हा नियोजनातून यासाठी पैसा मागावा, आणि तो कापूस घरात येण्याच्या आधी मागावा. ज्यांच्या घरात आज रात्रीच हा प्रश्न उभा आहे त्यांनी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या 14416 वर फोन करावा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी 14446 आहे. दोन्हीला पैसे लागत नाहीत, आणि फोन पिणाऱ्यानेच करावा अशी अट नाही.